दोनच मुलं आली म्हणून?

अरे, चर्चच्या रविवारच्या वर्गाला दोनच मुलं आली म्हणून लगेच हात टेकू नकोस. शार्ल द फुको हा फ्रेंच कॅथलिक धर्मगुरू १९०५ मध्ये सहारातल्या तामानरासेतला जाऊन राहिला. आपल्यासारखं जगणाऱ्या बंधूंच्या संघाचे नियम लिहिले, पण सोबत कुणी टिकलं नाही. तिथल्या वाळवंटातल्या तुआरेग लोकांची भाषा शिकला, त्यांचा शब्दकोश केला. १ डिसेंबर १९१६ ला गोळी लागून गेला. हिशेब मांडला तर सगळी बाकी शून्य! १९३३ मध्ये त्याच्याच वाटेवर ‘येशूचे लहान बंधू’ हा संघ उभा राहिला, २०२२ मध्ये फुकोला संतपद मिळालं. त्याला यातलं काहीच दिसलं नाही. येशूच्या क्रुसाखाली उभ्या असलेल्यांना तरी तो पुन्हा उठला ती रविवारची पहाट कुठे दिसत होती?

मात्र तयारी न करता वर्ग फसला तर त्याला क्रूस, म्हणजे देवासाठी सोसलेलं दुःख, म्हणू नकोस, तो आळस. वर्गाला आलेल्या त्या दोन मुलांची नावं पाठ झाली का?