लेगोची पहिली ट्रेन: रूळ मांडण्याआधी

पहिल्या सेटमधले सगळे वळणाचे तुकडे आधी मोजा. पूर्ण गोलाला 16 लागतात आणि तो जमिनीवर साधारण 70 सेंटिमीटर जागा खातो. सरळ तुकडा 16 बटणं (लेगोच्या विटेवरचे गोल उंचवटे), म्हणजे 12.8 सेंटिमीटर लांब. तो एका बाजूला घातलात की समोरच्या बाजूलाही तेवढेच घाला, नाहीतर शेवटचा सांधा ताणून बसवावा लागतो आणि डबा नेमका तिथेच उतरतो.

सतरंजीवर रूळ मांडू नका. धागे, केस आसाला गुंडाळतात, गाडी कण्हायला लागते आणि लोक मोटरला दोष देतात. चाकं काढून चिमट्याने आस साफ करा.

इंजिन जागेवरच चाकं फिरवत असेल तर मोटरच्या चाकांवरची रबरी कडी बघा. ती जागेवर असतील तर वजन कमी पडतंय. बॅटरीचा डबा शक्यतो मोटरच्या वरच ठेवा. पॉवर्ड अप या लेगोच्या मोटर प्रणालीच्या हबला, म्हणजे याच बॅटरीच्या डब्याला, सहा ट्रिपल-ए सेल लागतात. चार्जेबल सेल 1.2 व्होल्टचे, त्यामुळे वेग थोडा कमी. पण खिशाला तेच परवडतात.

जड डबा इंजिनालगत जोडा. हलका डबा मधे अडकला की वळणावर आतल्या बाजूला कलंडतो. फलाट बांधण्याआधी सगळ्यात लांब डबा हाताने वळणावरून ढकलून बघा, म्हणजे तो रुळाबाहेर किती येतो ते कळेल.