नवी डे गेको खात नसेल तर आधी तिच्याकडे बघणं बंद करा

दादा, निपाणीला आणून नऊ दिवस झाले, दोन्ही डे गेको, म्हणजे दिवसा वावरणाऱ्या पाली, रातकिड्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत, तोंड उघडून भरवू का, असं विचारलंय तुम्ही. भरवू नका. मी तो उद्योग केलाय. सातव्या दिवशी धीर सुटला आणि एकीला मुठीत धरलं. पाठीवरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी बोटाला चिकटून आली, शेपटी तुटून टेबलावर वळवळत राहिली. आई दारातून म्हणाली, "घरात पालींचा दुष्काळ पडला होता काय रे, विकत आणायला?"

आधी ऊब बघा. हे मादागास्करकडचे, उन्हात बसणारे जीव. आपल्याकडे पावसाळ्यात भर दुपारीही पारा २५ च्या आसपास घुटमळतो. अंग तापलं नाही तर पालीला पचत नाही, आणि पचत नाही तर भूक कुठून लागणार? दिव्याखालच्या बांबूवर ३० ते ३२ अंश हवेत, बाकी काचेच्या टाकीत २५ ते २८. रात्री २० पर्यंत उतरलं तरी चालतं. यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, देणारा दिवा वेगळा लागतो. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी जवळजवळ उरतच नाही. म्हणून टाकी उचलून थेट उन्हात मात्र ठेवू नका, आत भट्टी होते.

मग टाकीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र लावा. आत उभे-आडवे बांबू आणि दाट पानं हवीत. आठवडाभर हात घालायचा तो फक्त पाणी आणि खाण्यासाठी. वाटीतलं पाणी या सहसा पीत नाहीत, पानांवरचे थेंब चाटतात. सकाळ-संध्याकाळ फवारा मारा.

रातकिडा पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. न खाल्लेले रात्री काढून घ्या, ते झोपलेल्या पालीला चावतात. शेतातले किडे तर नकोच, उसावर काय फवारलंय कोण सांगणार? माझ्याकडे पहिला घास गेला तो पिकल्या पपईचा. चमचाभर गर बाटलीच्या झाकणात घालून बांबूच्या टोकाला अडकवला, चिमूटभर कॅल्शियम भुरभुरलं आणि दार लोटून घेतलं. तासाभरानं झाकणात जिभेचे बारीक ओरखडे दिसले.

आणि हो, 'जोडी' म्हणून दिलेत ते दोन नर नाहीत ना? माझे तसेच निघाले. एक दिव्याखाली ऐटीत, दुसरा कोपऱ्यात उपाशी. काचेवर चढल्यावर पोटाकडून बघा: मांड्यांच्या आतल्या बाजूला ठिपक्यांची ठळक रांग असेल तर नर. दोघांनाही असेल तर आजच वेगळे करा. कागदांचंही बघून घ्या. सगळ्या फेल्सुमा (डे गेकोंचं शास्त्रीय कूळ) सायटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, त्यामुळे वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी लागते.

सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आणा. डब्यासकट वजन करायचं, हातात धरून नाही, आठवड्यातून एकदा. वजन टिकून असेल तर मोठी पाल आणखी काही दिवस काढते. पिल्लू असेल तर इतकी वाट बघू नका. शेपटीचं बूड बारीक झालं, डोळे खोल गेले, वजन दहाव्या हिश्श्यानं घटलं, तर ताजी विष्ठा डबीत घेऊन सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर गाठा. बरेचदा पोटात जंत निघतात.

तोवर मांड्यांचा फोटो टाका, नर-मादी बघून सांगतो की.