खाकी उतरली, आता ‘नाही’ कसं म्हणू?

‘मॅडम, धंदा रक्तात असावा लागतो. आपलं आयुष्य नोकरीत गेलं.’ हे वाक्य मी निवृत्त शिक्षकांकडून ऐकलंय, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांकडून ऐकलंय, हॉस्पिटलची नोकरी सोडून शिवणकाम सुरू केलेल्या सिस्टरांकडूनही ऐकलंय. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात येतात, दुकान किंवा क्लास किंवा पोळी-भाजी केंद्र सुरू होतं, आणि वर्ष-दीड वर्षात गाडं अडतं. मग झोप उडते आणि माणूस माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, येतो. बोलणं धंद्यापासून सुरू होतं, पण पाच मिनिटांत ‘मीच कुचकामी’ इथे येऊन थांबतं. ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे वाक्य तोवर कुणीतरी नातेवाइकाने ऐकवलेलं असतंच.

मला हे वाक्य मुळीच पटत नाही. अडचणीवरचा उपाय बऱ्याचदा त्या माणसाच्या जुन्या कामातच पडलेला असतो. तो त्याला दिसत का नाही, हे शोधणं माझं काम. एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि त्या जोडप्याची परवानगी घेतली आहे.

काका एसटीत वाहक होते. २०२३ साली अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर निवृत्त झाले आणि कराडजवळच्या गावात घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान टाकलं. माझ्याकडे आले ते काकूंनी आणलं म्हणून. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागे असायचे, जेवण कमी झालं होतं. दुकान चालत होतं, गिऱ्हाईक भरपूर होतं, पण महिनाअखेरीस हातात काही उरत नव्हतं. उधारी सव्वा लाखाच्या घरात गेली होती. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी दुकानात होती, देवाच्या तसबिरीशेजारी. रोज सकाळी तिलाही उदबत्ती ओवाळली जायची, एवढाच काय तो तिचा उपयोग.

‘हिशेबच कळत नाय मला,’ काका म्हणाले. ‘एसटीत नुसती तिकिटं फाडली. त्यात काय अक्कल लागती?’

अशा वेळी धीर देऊन काही होत नाही, असा माझा अनुभव आहे. ‘तुम्ही हुशार आहात’ म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि मनात म्हणतो, हिला काय माहीत. मी विचारलं, ‘ड्यूटी कशी सुरू व्हायची ते सांगा. डेपोत शिरल्यापासून.’

तोवर अर्धी वाक्यं बोलणारा माणूस ताठ बसला. वेबिल, म्हणजे फेरीच्या हिशेबाचा कागद, कसं घ्यायचं, मशीन कसं तपासायचं, पूर्वी मशीन नव्हतं तेव्हा तिकिटांच्या गड्ड्यांचे नंबर कसे उतरवून घ्यायचे, टप्पा बदलला की कुठली नोंद करायची. मग म्हणाले, ‘आन् आपली खासगी रोकड लिहायची. खिशात स्वतःचे किती पैसे हायत ते वेबिलावर लिवल्याबिगर गाडीत चढायचं नाय. वाटंत चेकिंगवाल्यांनी धरलं तर बॅग बी मोजत्यात आन् खिसा बी. लिवल्यापरीस जास्त निघाले तर झाली केस.’ हे सांगताना त्यांनी डाव्या खिशावर हात ठेवला. खासगी डावीकडे, महामंडळाचे बॅगेत. इतकी वर्षं हाताला लागलेली सवय.

काकू शेजारी गप्प बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, ‘आन् दुकानात ह्यांचा खिसा म्हंजेच गल्ला. त्यातनंच भाजी, त्यातनंच नातवाला खाऊ, त्यातनंच गॅसची टाकी.’

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहावं, हे फार उशिरा शिकवलं जातं. काकांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘आवं,’ ते म्हणाले, ‘पर हे तर मला येतंय.’

इथे कुणीही कागद-पेन घेऊन वही आखून दिली असती. मला त्याची घाई नव्हती. खिशाचं कोडं सुटलं होतं, उधारीचं तसंच होतं, आणि झोप उडवणारी गोष्ट उधारी होती. म्हणून विचारलं, ‘गाडीत ओळखीचा माणूस चढला आणि पैसे उद्या देतो म्हणाला, तर?’

‘छ्या! अगदीच जवळचा आसंल तर माझ्या पैशानं तिकीट काढीन. बिनतिकिटाचा नाय नेणार.’

‘२०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला. एखाद्या आजोबांना “आधार कार्ड दाखवा” म्हणताना लाज वाटायची?’

‘लाज कसली? नियम हाय.’

‘मग दुकानात?’

बराच वेळ गेला. ‘तितं पैसा महामंडळाचा होता, मॅडम. हितं माझा हाय. आपल्या पैशासाठी माणसाला तोंडावर नाय म्हणायचं म्हंजे… हलकेपणा वाटतो.’

‘महामंडळाच्या चार रुपयांसाठी भांडलात तर प्रामाणिक, आणि स्वतःचे चारशे मागितले तर हलके. हा हिशेब तुम्हाला कुणी घालून दिला?’

‘तवा मी बोलत नव्हतो,’ काका सावकाश म्हणाले. ‘खाकी बोलत होती.’

या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं जे मत बनलंय ते या एका वाक्यात आहे. कौशल्य माणसाबरोबर घरी येतं, पण ते वापरायची परवानगी जुन्या खुर्चीत, जुन्या गणवेशात राहून जाते. शिवणकाम करणाऱ्या ज्या सिस्टर वर उल्लेखल्या, त्यांच्याकडे दोन बायकांच्या ब्लाउजची अदलाबदल व्हायची. वॉर्डात पेशंटचं नाव विचारल्याशिवाय आणि केसपेपर पाहिल्याशिवाय त्यांनी गोळीसुद्धा दिली नसेल. मग कापडावर चिठ्ठी का नाही लावली? ‘घरचंच तर काम, त्यात कसले नियम!’ शाळेत शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेले एक सर स्वतःच्या क्लासची फी पालकांकडे मागू शकत नव्हते. या कुणालाच शिकवायचं काही उरलं नव्हतं.

मी अल्बर्ट एलिसच्या विचारांना मानणारी आहे, हे लपवत नाही. न्यूयॉर्कचा हा मानसशास्त्रज्ञ मुळात व्यापारशिक्षणाची पदवी घेतलेला होता, आणि तरुणपणी भावाबरोबर लोकांच्या जुन्या कोटांना जुळणाऱ्या विजारी शोधून विकायचा. त्यामुळे ‘धंदा वेगळा, मन वेगळं’ असं त्याला वाटलं नसावं, असं आपलं मला वाटतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की घटना माणसाला जेवढी छळते त्याहून जास्त त्या घटनेबद्दल त्याने मनात धरलेला हट्ट छळतो. काकांचा हट्ट होता, ‘गावात कुणीही मला कंजूष म्हणता कामा नये.’ कुणी तसं म्हणू नये ही इच्छा रास्तच आहे. पण म्हणता कामाच नये, हे गावाला कोण सांगणार?

लाज मोडण्यासाठी एलिस लोकांना भुयारी रेल्वेत स्टेशनांची नावं मोठ्याने ओरडायला लावायचा. लोक बघतील, हसतील, आणि आपण तरीही शाबूत राहू, एवढं कळावं म्हणून. मी हे सांगितलं तेव्हा काका पहिल्यांदा मोकळं हसले. ‘त्याचा तर मला पगार मिळत होता!’

त्यांना वेगळा अभ्यास दिला. आठवड्यात तीन उधारीवाल्यांना समोरासमोर पैसे मागायचे. माफी मागत नाही, चिडूनही नाही. तिकीट मागायच्या आवाजात. आणि रोज दुकान उघडताना खासगी रोकड वहीत लिहायची, मगच गल्ला उघडायचा. घरात लागेल तो माल काकूंनीही बिल करूनच घ्यायचा. हा शेवटचा नियम माझा नाही, काकूंचा.

‘चेकिंगला कोण?’ मी विचारलं. काकांनी मान न उचलता काकूंकडे बोट केलं.

बऱ्याच जणांनी थोडे थोडे करून पैसे दिले. एकाने दुकानात येणंच सोडलं, आणि काकांना त्या रात्रीही झोप लागली. मला महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. दुसरा एक जण पैसे मोजताना पुटपुटला, ‘कंडक्टर होतास तवा बी असाच होतास.’ काकांनी हे मला दोनदा सांगितलं.

आता वाचणाऱ्यांपैकी कुणाची गत अशीच असेल तर थोडं सांगते. ‘माझ्यात कोणते गुण आहेत’ याची यादी करत बसू नका. त्या यादीत मेहनती, प्रामाणिक, जिद्दी असे शब्द येतात आणि त्यांनी दुकान चालत नाही. त्याऐवजी जुन्या नोकरीतला एक पूर्ण दिवस लिहून काढा, सही केल्यापासून घरी निघेपर्यंत, फक्त केलेल्या कृती. त्यात जी गोष्ट तुम्ही कधीही चुकू दिली नाही तिच्याखाली रेघ मारा. मग विचारा, ती का चुकली नाही? साहेब होता म्हणून? नोंदवही होती म्हणून? गणवेश होता म्हणून? धंद्यात बहुतेक तेवढंच कमी असतं, आणि ते उभं करता येतं: एक वही, एक लेबल, हिशेब विचारणारं घरातलं एक माणूस.

मात्र सगळंच उचलून आणू नका. काकांना सूर सापडल्यावर ते गिऱ्हाइकांना प्रवाशांसारखं वागवू लागले. ‘सुट्टे काढून ठेवा, लवकर बोला, पुढं चला.’ शेजारच्या आजी काकूंकडे तक्रार घेऊन आल्या. बसमधला प्रवासी त्या गाडीने जाणारच असतो. गिऱ्हाइकाला शेजारी दुसरं दुकान असतं.

आणि काही गोष्टी जुन्या कामात नसतातच. काका एकदा म्हणाले, ‘मॅडम, तिकीट शिळं होत नाय.’ बिस्किटं होतात, रव्याला कीड लागते, तेलाचा भाव पडायच्या आदल्या दिवशी चार डबे घेऊन ठेवले जातात. खरेदी कधी आणि किती करायची, हे वाहकाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते माझ्या खोलीत बोलून येणारही नव्हतं. जीएसटीचंही तसंच. मालाची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही एवढं मला माहीत आहे, पण पुढचे प्रश्न करसल्लागाराला विचारावेत. खरेदीसाठी काकांना मी कराडच्या बाजारपेठेत त्यांच्याच ओळखीच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे सकाळच्या वेळी जाऊन बसायला सांगितलं. आधी नको म्हणाले, या वयात उमेदवारी कसली करायची. काकूंनी डबा भरून दिला. आता ते सोमवारी जातात.