स्तनाग्राखालची दुखरी गाठ

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा आहे. डाव्या स्तनाग्राखाली बोराएवढी गाठ आली आहे, दप्तराचा पट्टा लागला तरी कळवळतो. पोहायला जाणं सोडलंय. सासूबाई म्हणतात, तेल लावून पिळली की जिरेल. कर्करोग तर नसेल?
— एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आधी पिळणं थांबवा. गाठ जिरत तर नाहीच, दुखणं मात्र वाढतं.

या वयात कर्करोग अत्यंत दुर्मीळ. बहुधा हा गायनेकोमॅस्टिया आहे : वयात येताना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचं पारडं काही काळ जड होतं आणि मुलाच्याही स्तनग्रंथी वाढतात. एकाच बाजूला वाढली तरी घाबरू नका. बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते.

तरी बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. मुलाला उताणं झोपवून, हात डोक्याखाली ठेवायला सांगून, अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंनी स्तनाग्राकडे सरकवत आणतात. ग्रंथी असेल तर स्तनाग्राच्या बरोब्बर खाली रबरासारखी, हलणारी चकती लागते. नुसती चरबी असेल तर बोटांना काहीच अडत नाही. जाड मुलांत इथेच गफलत होते.

यानंतर वृषण तपासायलाच हवेत, आणि संकोचापायी नेमकं तेच राहून जातं. वृषण ४ मिलीलिटर किंवा त्याहून मोठे झाले असतील तर मूल वयात येऊ लागलंय, म्हणजे गाठीचा हिशेब जुळतो. वय वाढूनही ते लहान आणि घट्टच राहिले तर क्लाइनफेल्टरची (मुलात एक X गुणसूत्र जास्तीचं असण्याची) शंका घेऊन गुणसूत्रं तपासतात. वृषणातच गाठ लागली तर तिची सोनोग्राफी ताबडतोब.

सगळं नेहमीसारखं असेल तर रक्ततपासणी लागत नाही, मॅमोग्राफी तर नाहीच. दर सहा महिन्यांनी चकती मोजली की पुरे. मात्र गाठ स्तनाग्रापासून बाजूला, दगडासारखी किंवा चिकटलेली असेल, रक्त येत असेल, काखेत गाठी असतील, झपाट्याने वाढत असेल किंवा वयात येण्याआधीच उगवली असेल, तर थांबू नका. शस्त्रक्रियेचा विचार दोन वर्षांनंतरही ती राहिली आणि मुलाला त्रास होत असेल तरच. गोळ्या तज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय नकोत.

चालू औषधांची यादी सोबत न्या. रिस्पेरिडोन, स्पायरोनोलॅक्टोन, किटोकोनाझोल यांनीही असं होतं. मोठ्या मुलांत जिममधली स्टेरॉइड्सही आलीच. ते विचारताना पालकांनी थोडा वेळ बाहेर बसावं. खरं उत्तर आईसमोर क्वचितच मिळतं.

पोहायला या गाठीची काहीच आडकाठी नाही.