आईचं वय ७४, कॅल्शियम ११.१, पीटीएच ११८. मासळी-दूध बंद करू का? ऑपरेशन लागेलच का?

मासळी-दूध बंद करू नका, आणि ऑपरेशन लागेलच असं या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. मी रत्नागिरीकडे फिजिशियन आहे. रक्तात कॅल्शियम जास्त असताना पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन, खाली जायला हवं. तेही वर असेल तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींपैकी एखादी बेलगाम झालेली असते, बहुतेकदा साध्या गाठीमुळे, कॅन्सर क्वचितच. आहारातलं कॅल्शियम तोडलं तर पीटीएच आणखी चढतं. म्हणजे बांगडा सोडून हाडांचंच नुकसान.

आधी कॅल्शियम अल्ब्युमिनसह (रक्तातलं एक प्रथिन) पुन्हा तपासा. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), ड जीवनसत्त्व, २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम, पोटाची सोनोग्राफी (मुतखड्यासाठी) आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. डेक्सात मनगटाजवळचं हाडही घ्यायला सांगा, हे हमखास राहून जातं. सेस्टामिबी स्कॅनची घाई नको. तो निदानासाठी नसतो, ऑपरेशन ठरल्यावर गाठ कुठे आहे ते शोधायला असतो. उगाच कोल्हापूर-मुंबईची फेरी.

कॅल्शियम लॅबच्या वरच्या मर्यादेपेक्षा १ मिग्रॅ/डेलिहून जास्त, टी-स्कोअर (डेक्सातला हाडांच्या घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली, मणक्याचं फ्रॅक्चर, मुतखडा, ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) ६० च्या खाली, यांतलं एक जरी असलं तरी सर्जनला दाखवा. नुसतं वय आड येत नाही. ऑपरेशन झेपणार नसेल तर सिनॅकॅल्सेट हे औषध कॅल्शियम उतरवतं, पण हाडांसाठी वेगळं औषध लागतं.

मात्र आई बीपीसाठी थायझाइड किंवा मानसिक आजारासाठी लिथियम घेत असेल तर हेच आकडे फसवे असू शकतात. गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून काही बंद करू नका. आणि वैशाखात पाणी कमी पडू देऊ नका.