वेकबोर्डिंगला हेल्मेट घालायचं की नाही? बोटीमागे आणि केबल पार्कमध्ये

वेकबोर्डिंग म्हणजे पाय बोर्डला बांधून, दोरीचं हँडल धरून पाण्यावरून ओढलं जाणं. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या जागा एकत्र आल्या आहेत. आधी नागपूरजवळच्या धरणावर ओळखीच्यांच्या बोटीमागे सराव, मग दिवाळीच्या सुट्टीत बँकॉकजवळच्या केबल पार्कमध्ये (तिथे बोटीऐवजी खांबांवरची फिरती तार ओढते) दोन दिवस. बोटवाले म्हणतात की पाण्यात हेल्मेटमुळे मानेला झटका बसतो, आणि घरचे म्हणतात की गाडीचं हेल्मेट आहे ना, तेच घेऊन जा. बोटवाल्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. घरच्यांचं मात्र याबाबतीत ऐकू नका.

केबल पार्कमध्ये हेल्मेट घालायचंच, तिथे चर्चेला जागा नाही. बोटीमागे नवशिक्याने घालावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते पाण्यातल्या खेळासाठी बनवलेलं, डोक्याला घट्ट बसणारं आणि कान झाकणारं हवं. तसं मिळालंच नाही, तर मोकळ्या खोल पाण्यात बोटीमागे ढिलं हेल्मेट घालण्यापेक्षा उघडं डोकं बरं.

आधी हेल्मेट कशापासून वाचवतं ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. ते कडक वस्तूंपासून वाचवतं: बोर्ड घसरवायच्या लोखंडी किंवा प्लास्टिकच्या रेल, किकरची (उडी मारायच्या उताराची) कड, स्वतःचा बोर्ड, सुटून परत येणारं हँडल, बोटीची मागची फळी. केबल पार्कमध्ये बोटीची फळी सोडून या सगळ्या वस्तू असतात, शिवाय ताशी तीसएक किलोमीटरने मागून येणारा दुसरा खेळाडूही असतो. मोठ्या, गोल फिरणाऱ्या केबलवर तुम्ही पडलात म्हणून यंत्र थांबत नाही, म्हणून पडल्याबरोबर बाजूला पोहत निघायचं. पहिले दोन-तीन तास दोन खांबांच्या छोट्या केबलवर शिका. तिथे चालवणारा माणूस तुमच्याकडे बघून वेग कमी-जास्त करतो.

डोकं नुसत्या पाण्यावर आपटलं तर हेल्मेटचा उपयोग फार मर्यादित असतो. मेंदूला मार बसतो तो डोकं एकदम थांबल्यामुळे किंवा गर्रकन फिरल्यामुळे, आणि हेल्मेटचा फोम ते पूर्ण थांबवू शकत नाही. बोटीमागचं सगळ्यात वाईट पडणं याच प्रकारचं असतं. नवीन माणूस बोर्ड अगदी सपाट ठेवून सरळ जात असतो, टाचेकडची कड नकळत पाण्यात रुतते, बोर्ड जागीच अडतो आणि माणूस मागे फेकला जाऊन डोक्याची मागची बाजू पाण्यावर आदळते. सावरायला वेळच मिळत नाही. यावरचा खरा उपाय हेल्मेटमध्ये नाही, उभं राहण्यात आहे. गुडघे वाकलेले, हँडल कमरेजवळ खाली, नजर बोटीवर (पायांकडे पाहिलं की वजन पुढे जातंच), आणि वजन नेहमी थोडं तरी एका कडेवर. बोटवाल्यांना वेग ताशी २५ ते २८ किलोमीटरच्या वर नेऊ देऊ नका. तोल गेला असं वाटताच हँडल सोडा, हनुवटी छातीकडे घ्या आणि हात अंगाशी ठेवा. हँडलला लटकून राहणारा माणूसच जास्त जोरात आपटतो.

आता मानेच्या झटक्याबद्दल. डोकं वेगाने पाण्यात शिरलं की हेल्मेटच्या काठाखाली पाणी शिरतं, हेल्मेट क्षणभर बादलीसारखं भरतं, आणि तो सगळा ओढा हनुवटीच्या पट्ट्यातून जबड्यावर आणि मानेवर येतो. हेल्मेट जितकं ढिलं, जितकं मोठं आणि काठ जितका बाहेर आलेला, तितका झटका मोठा. टोपीसारखी पुढे चोच असलेलं कुठलंही हेल्मेट म्हणूनच बाद. नागपुरात बर्डीच्या बाजारात मिळणारं दुचाकीचं हेल्मेट तर अजिबात नको. ते किलो-सव्वा किलोचं असतं, आतलं स्पंजचं अस्तर पाणी पिऊन आणखी जड होतं, आणि पूर्ण चेहऱ्याचं असेल तर पाणी थेट तोंडासमोर साठतं. त्यावरचा आयएसआय मार्क आयएस ४१५१ चा, म्हणजे रस्त्यावरच्या दुचाकीस्वारांसाठीचा. सायकलच्या हेल्मेटमधला थर्माकोलसारखा थर एकदाच दबायला बनवलेला असतो. एका जोरदार आपटीत त्याला चीर गेली की ते निकामी, आणि इथे तर तुम्ही दिवसातून वीस वेळा पडणार.

विकत किंवा भाड्याने घेताना आतल्या लेबलवर ईएन १३८५ शोधा. हे कॅनू आणि खळाळत्या पाण्यातल्या खेळांच्या हेल्मेटचं युरोपीय मानक आहे. आत ईव्हीए फोम असावा, जो पाणी शोषत नाही आणि वारंवारचे मार सोसतो. पाणी निघून जायला भोकं हवीत. वजन अर्ध्या किलोच्या आत असलं पाहिजे.

माप घ्यायला शिंप्याची टेप भुवयांच्या दोन बोटं वर, कपाळावरून मागच्या फुगीर भागावरून फिरवा. आकडा दोन मापांच्या मधे आला तर लहान माप घ्या आणि पातळ पॅड लावा. हेल्मेट कपाळावर आडवं बसलं पाहिजे, मागे कललेलं नाही. पट्टा लावायच्या आधी डोकं जोरात हलवा: कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर माप बरोबर, हेल्मेट एकटंच फिरलं तर मोठं आहे. मग पट्टा लावा. दोन्ही पट्ट्यांचा जोड कानाच्या पाळीच्या लगेच खाली, आणि हनुवटीखाली जेमतेम एक बोट जाईल इतकीच जागा. आता तळवा पुढच्या काठाखाली ठेवून हेल्मेट मागे ढकला, नंतर मागून पुढे. कपाळ उघडं पडलं किंवा डोळ्यांवर आलं तर ते चालणार नाही. लांब केस असतील तर वेणी मानेजवळ सैल बांधा. उंच अंबाड्यावर हेल्मेट कधीच नीट बसत नाही. शेवटी धक्क्यावरून खोल पाण्यात दोन-तीन उड्या मारून बघा, कारण पट्टा भिजला की सैल होतो. तेव्हाच पुन्हा आवळा.

कान झाकणारं हेल्मेट मी का म्हणतो? एका कुशीवर सपाट पडलं की पाण्याची थप्पड सरळ कानावर बसते आणि पडदा फाटू शकतो. वेकबोर्डिंगमध्ये ही नेहमीची दुखापत आहे. फाटलेल्या पडद्यातून थंड पाणी आत गेलं की गरगरायला लागतं आणि वर-खाली कुठे तेच कळत नाही. अशा वेळी अंगावर ५० न्यूटन इतक्या बळाने तरंगवणारं जॅकेट असणं हे हेल्मेटपेक्षा महत्त्वाचं. केबल पार्कमध्ये दिसणारे पातळ इम्पॅक्ट व्हेस्ट (छातीवरचा मार झेलणारी बंडी) बोटीमागे पुरेसे तरंगवत नाहीत. कान दुखला, ऐकू कमी आलं किंवा रक्त आलं तर पाण्याबाहेर या, कानात तेल-थेंब काहीही घालू नका, आणि त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

धरणाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडे खरा धोका तिथे आहे. जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय बोट उतरवू नका. तोतलाडोह तर व्याघ्र प्रकल्पात येतो, तिकडचा विचारच सोडा. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं आणि कडेचं पाणी मोकळं, छान दिसतं. पण उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर त्याच काठावर गाळपेरा, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात शेती, झालेली असते. त्या शेतांच्या कुंपणाच्या खुंट्या, तार, बेशरमची झुडपं आणि जुन्या झाडांचे खुंट आता हात-दोन हात पाण्याखाली असतात. यांवर डोकं आपटलं तर हेल्मेट कामी येईलच, पण पोटात किंवा मांडीत खुंटी घुसली तर ते काय करणार? म्हणून काठापासून निदान शंभर मीटर दूर, आणि जिथे बांबू किंवा दोरीला दगड बांधून खोली मोजली आहे, किमान दोन मीटर निघाली आहे, अशाच पट्ट्यात फिरा. पांढरे थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले तर ते मासेमारांचं जाळं आहे. स्थानिक मासेमारांना आदल्या दिवशी विचारलं तर ते खुंटांच्या जागा नेमक्या सांगतात.

बोटीत चालवणाऱ्याशिवाय फक्त तुमच्याकडे बघणारा एक माणूस हवाच. पडल्यावर ठीक असाल तर डोक्यावर हात ठेवून दाखवा. हात वर आला नाही तर बोट ताबडतोब वळली पाहिजे, आणि तुमच्याजवळ आल्यावर इंजिन बंद.

डोक्याला मार बसल्यावर डोकं दुखणं, मळमळ, अंधारी, गोंधळ, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, यातलं एकही दिसलं तर त्या दिवसाचा खेळ संपला. हेल्मेट होतं म्हणून पुन्हा पाण्यात उतरू नका. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं किंवा झोपेतून नीट न उठणं, असं झालं तर घरी न थांबता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. रामटेकजवळच्या खिंडसी तलावासारख्या ठिकाणाहून नागपूर पन्नासेक किलोमीटर आहे, तेव्हा गाडी आणि चालवणारा माणूस आधीच ठरवून ठेवा.

केबल पार्कमधलं भाड्याचं हेल्मेट घेताना कवचाला चीर, निघालेले पॅड आणि बकलचा आवाज बघा. बकल टक् करून बसलं नाही तर दुसरं मागा. स्वतःचं घेतलं तर वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या हेल्मेटचा फोम आणि त्याचा गोंद दोन्ही खराब होतात.