मोबाइल अ‍ॅपने वर्कशॉपमधला यूव्ही (अतिनील किरणं) मोजता येतो का? (कुपवाड, सांगली)

नाही. अ‍ॅप हवामान अंदाजातला यूव्ही इंडेक्स (उन्हातल्या यूव्हीच्या तीव्रतेचा आकडा) दाखवतं, मोजत काहीच नाही. स्वस्तातले मीटरही बहुधा ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास जुळवलेले. वॉटर प्युरिफायरमधल्या २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्यापुढे त्यांचा आकडा भरवशाचा नाही. घरातल्या एलईडी दिव्यांच्या यूव्हीची चिंता सोडा.

खरी भीती वेल्डिंगची. आर्कजवळ (वेल्डिंगच्या झगझगीत ज्योतीजवळ) उघड्या डोळ्यांची सुरक्षित मर्यादा काही सेकंदांतच ओलांडली जाते, आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं दुखणं सुरू होतं काही तासांनी, बहुतेकदा रात्री. नुसता बघत उभा राहणाराही सुटत नाही (पोरांना तर तिथे उभंच करू नका). तिथे मोजत बसण्यापेक्षा वेल्डिंगची काच वापरा, कडेने पडदा लावा.

उन्हाचं म्हणाल तर एप्रिलच्या निरभ्र दुपारी इंडेक्स ११ च्या वर, म्हणजे अतितीव्र पातळीवर जातो. तासगावच्या द्राक्षबागेत टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.